गरम झाली की बंद पडणारी जुनी येझदी: तपास कुठून सुरू करायचा

सकाळी दुसऱ्या किकला गाडी चालू होते. आवाज एकसारखा, पिकअपही ठीक. गिरगावातून निघून आठ-दहा किलोमीटर होतात, तीन-चार सिग्नलना थांबणं होतं आणि मग गाडी मिसिंग मारायला लागते. पुढच्या सिग्नलला बंद. त्यानंतर कितीही किक मारा, दाद देत नाही. कडेला लावून चहा पिऊन अर्ध्या तासाने परत या, पहिल्याच किकला चालू. पुन्हा सात-आठ किलोमीटर, पुन्हा तेच.

वर्षानुवर्षं उभी असलेली येझदी किंवा जावा मोटारसायकल रस्त्यावर आणणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला हा त्रास येतो. माझ्याकडे काकांची १९७६ सालची येझदी आहे. चाळीच्या जिन्याखाली ती चौदा वर्षं ताडपत्रीत पडून होती. मी मिस्त्री नाही, नोकरी सांभाळून रविवारी हात काळे करतो. या एकाच गाडीत हाच दोष मला पाच वेळा आला आणि पाचही वेळा कारण निराळं निघालं. पुढे मित्रांच्या गाड्यांवरही हाच तपास बऱ्याचदा केला. त्यातून जो क्रम हाताला बसला, तो इथे देतो. फुकटात होणारं आधी, इंजिन उघडायला लावणारं शेवटी.

हे सगळं ६ व्होल्टची बॅटरी, डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारा) आणि पॉइंट (ठिणगीसाठी प्रवाह जोडणारा-तोडणारा स्विच) असलेल्या २५० सीसी टू-स्ट्रोक गाडीसाठी आहे. इतर जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांना पेट्रोलचा भाग जसाच्या तसा लागू होईल, करंटच्या भागात फरक पडेल.

आधी लक्षणं नीट ओळखा

"गरम झाली की बंद पडते" एवढ्यावर काहीच ठरत नाही. बंद पडतानाचे शेवटचे दहा सेकंद आठवा.

गाडी हळूहळू दम सोडत गेली, थ्रॉटल दिला तर आणखी गुदमरली, थोडा कमी केला तर क्षणभर सावरली, तर संशय पेट्रोलवर. टाकी रिकामी होताना जसं होतं तसंच हे वाटतं.

चावी फिरवल्यासारखी एकदम गेली, किंवा जाण्याआधी अधूनमधून ठोके चुकले आणि सायलेन्सरमधून एखादा फटाका वाजला, तर संशय करंटवर, म्हणजे प्लगच्या ठिणगीवर.

तिसरा प्रकार वेगळाच आहे. मागून कोणी ब्रेक दाबल्यासारखी गाडी जड होते, कधी चिरचिर आवाज येतो आणि मागचं चाक अडकल्यासारखं वाटतं. हे पिस्टन धरल्याचं, म्हणजे तापून सिलेंडरमध्ये अडकल्याचं लक्षण आहे. त्याच क्षणी क्लच दाबा आणि कडेला घ्या. थंड झाल्यावर किक मोकळी फिरली तरी ती चालवत घरी आणू नका. खालची कुठलीही तपासणी या तिसऱ्या प्रकारासाठी नाही. ती गाडी टेम्पोत घालून थेट मिस्त्रीकडे न्यायची, हेड-ब्लॉक उघडून पिस्टन बघितल्याशिवाय पुन्हा किक मारायची नाही.

पहिली पाच मिनिटं

पहिल्या वर्षी मी ऑपेरा हाऊसजवळच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे तीनदा गाडी ढकलत नेली. तिन्ही वेळा तिथे पोहोचेपर्यंत ती थंड झालेली असायची आणि त्यांच्या एका किकला चालू व्हायची. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "अहो, बरी करून आणता आणि आजार काय ते मला विचारता. जिथे बंद पडली तिथेच प्लग काढून बघायचा ना!"

मला या विषयात सगळ्यात उपयोगी पडलेलं वाक्य हेच. हा दोष गरम इंजिनातच असतो, थंड गाडीत तो सापडत नाही. म्हणून गाडी बंद पडल्यावर चहाला जायचं नाही. पहिल्या पाच मिनिटांत, इंजिन तापलेलं असतानाच, एका प्रश्नाचं उत्तर मिळवायचं: पेट्रोल येत नाही की करंट येत नाही? त्यासाठी सीटखाली एवढं सामान कायम ठेवा: प्लग पाना, एक नवा प्लग, मध्यम स्क्रू ड्रायव्हर, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), जाड हातमोजा, फडकं आणि टॉर्च.

आणि थांबल्या थांबल्या चावी बंद करा. पॉइंट मिटलेले असताना इंजिन थांबलं आणि चावी चालू राहिली, तर बॅटरीचा प्रवाह कॉइलमधून (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारं वेटोळं) अखंड वाहत राहतो. कॉइल आणखी तापते, बॅटरी उतरते आणि मूळ कारण कोणतं होतं ते कळेनासं होतं. मी स्वतः एकदा किक मारण्याच्या नादात वीस मिनिटं चावी चालू ठेवली होती. त्या दिवशी दोष प्लगचा होता. घरी आलो तेव्हा कॉइलही गेली होती.

टाकीचं झाकण

एक पैसा लागत नाही, म्हणून हे पहिलं. झाकणाला हवेसाठी बारीक वाट असते. इंजिन पेट्रोल ओढतं तेव्हा तेवढीच हवा टाकीत शिरावी लागते. ती वाट बुजली की टाकीत पोकळी तयार होते आणि काही किलोमीटरनंतर पेट्रोल खाली उतरणं थांबतं. अर्ध्या तासात हवा कुठून तरी झिरपते आणि गाडी पुन्हा चालू. लोक याला इंजिनाची गरमी समजतात.

बंद पडल्या पडल्या झाकण उघडा. फुस्स आवाज आला आणि मिनिटभरात गाडी चालू झाली, तर काम झालं. घरी झाकणातून तोंडाने फुंकून बघा. माझ्या गाडीचं झाकण मी क्रोम करून आणलं होतं. पॉलिशचा लगदा त्या छिद्रात जाऊन दगडासारखा बसला होता. जी गाडी नुकतीच नवी करून आणली, तिच्यात नव्या कामानेच केलेले दोष आधी शोधावेत, असं माझं मत त्या दिवसापासून झालं.

पेट्रोल खरंच येतंय का

टाकीखालचा कॉक, म्हणजे पेट्रोलचा नळ, बंद करा, कार्बोरेटरकडची नळी काढा, छोट्या बाटलीत धरा आणि कॉक उघडा. गरम सायलेन्सरवर पेट्रोल सांडू देऊ नका. दहा सेकंदांत धार बारीक झाली किंवा थेंबांवर आली, तर दोष सापडला.

धार ठीक वाटली तरी घरी एकदा लांब तपासणी करा. ताशी ५० किलोमीटरने जाताना, लिटरला ३० किलोमीटर धरले, तर इंजिन मिनिटाला साधारण २८ मिली पेट्रोल पितं. कॉकमधून मिनिटाला १५० मिलीपेक्षा कमी आलं तर मी कॉक खोलतो. पण एक मिनिट पुरत नाही, पाच मिनिटं वाहू द्या. टाकीतला गंज पिठासारखा बारीक असतो. तो कॉकच्या जाळीवर हळूहळू थापला जातो आणि गाडी उभी राहिली की खाली बसतो. म्हणजे याचंही सोंग गरमीचंच.

जाळी साफ केलीत आणि महिन्याभरात पुन्हा भरली, तर टाकी आतून धुवावी लागेल. जुनी सायकलची चेन किंवा मूठभर नट टाकीत घालून हलवायचं, मग फॉस्फोरिक आम्लाचं गंज काढणारं द्रावण, मग खाण्याच्या सोड्याचं पाणी, मग स्वच्छ पाणी, आणि लगेच गरम हवेने वाळवून आतून टूटी ऑइल (पेट्रोलात मिसळायचं टू-स्ट्रोकचं तेल) फिरवायचं. या "लगेच"ला मुंबईत फार महत्त्व आहे. जुलैच्या हवेत ओली टाकी तासाभरात पुन्हा तांबूस होते, म्हणून हे काम मी डिसेंबर-जानेवारीतच करतो.

टाकीला भोक सापडलं तर थांबा. पेट्रोलच्या टाकीला घरी वेल्डिंग किंवा ब्रेझिंग करायचं नाही. टाकी रिकामी दिसली तरी आतली वाफ स्फोटाला पुरते. हे काम नेहमी टाक्याच करणाऱ्या माणसाकडेच द्या.

आता पेट्रोलबद्दल. पंपावर ई२० मिळतं, म्हणजे त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. प्रमाण वाढलं की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात, म्हणजे नेमके कॉकच्या तोंडाशी. या थरात टूटी ऑइल नीट विरघळत नाही. टू-स्ट्रोक इंजिनाला तेल मिळतं ते पेट्रोलातूनच, त्यामुळे हा थर आत गेला तर गाडी नुसती बंद पडत नाही, पिस्टन धरण्याची भीती असते. पावसाळ्यात दोन महिने गाडी काढणार नसाल तर टाकी रिकामी करून तेल फिरवून ठेवा. जुनी रबरी नळी इथेनॉलने फुगते आणि आतून सालं सोडते. बाहेरून नळी ठणठणीत, आतून वाट बंद. इथेनॉल सोसणारी नळी घ्या आणि जुनी पाच रुपयांची असली तरी वाचवू नका.

तेलाचं प्रमाण मी लिटरला ४० मिली ठेवतो, म्हणजे २५ ला १. हल्ली प्रत्येक पंपावर टूटी ऑइल मिळेल याची खात्री नसते. एका बाटलीवर मापाच्या खुणा करून ती जवळ ठेवा.

प्लग

हातमोजा घालून प्लग काढा, तो आणि हेड दोन्ही भाजतात. कॉफीसारखा तपकिरी असेल तर छान. काळा आणि ओला म्हणजे पेट्रोल येतंय पण जळत नाही, करंटकडे वळा. कोरडा आणि पांढरट म्हणजे इंजिनाला पेट्रोल कमी किंवा हवा जास्त मिळतेय. दोन टोकांच्या मध्ये कार्बनचा केसाएवढा धागा बसला असेल तरी गाडी बंद पडते, तो नखाने निघतो.

आता नवा प्लग टोपीत बसवा, त्याचा धातूचा भाग हेडला घट्ट टेकवा, चावी चालू करून किक मारा. प्लगच्या भोकापासून तो लांब धरा, कारण भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते. पेट्रोल सांडलेलं असेल तर आधी पुसून सुकू द्या. ठिणगी निळी, जाड आणि चट्‌कन आवाज करणारी हवी. पिवळी, बारीक, एक आली एक नाही अशी असेल तर दोष करंटचा. उघड्या हवेत आलेली ठिणगी दाबाखालच्या सिलेंडरमध्ये येईलच असं नसतं, म्हणून अशक्त ठिणगीला "येतेय ना" म्हणून सोडून देऊ नका.

नव्या प्लगने गाडी लगेच चालू झाली तरी आनंद करायच्या आधी दहा किलोमीटर जाऊन या. प्लगचा गॅप ०.६ मिमी ठेवा. प्लगची टोपीही बदलून बघा, ती आतून तडकली की गरम झाल्यावर करंट हेडकडे पळतो.

बॅटरी आणि सिग्नल

फक्त ट्रॅफिकमध्येच बंद पडते, मोकळ्या रस्त्यावर कधीच नाही? मग बॅटरी तपासा. या गाडीत प्लगची ठिणगी बॅटरीच्या जोरावर येते आणि डायनॅमो हळू फिरताना चार्जिंग करत नाही. जेजे फ्लायओव्हरवर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे सीएसएमटीहून भायखळ्याकडे जायचं तर आपल्याला खालून, मोहम्मद अली रोडच्या गर्दीतून जावं लागतं. संध्याकाळी हेडलाइट चालू, ब्रेकचा दिवा सारखा पेटतोय, इंजिन आयडलवर. बॅटरी फक्त देतेय, मिळत काहीच नाही.

मल्टिमीटर लॅमिंग्टन रोडवर स्वस्तात मिळतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी ६.३ व्होल्टच्या आसपास हवी. ६ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, टिकली नाही तर बदला. इंजिन रेस केल्यावर आकडा वर गेला नाही तर डायनॅमोचे कार्बन ब्रश आणि रेग्युलेटर बघायला हवेत. ब्रश बदलणं घरी जमतं. रेग्युलेटरचे स्क्रू अंदाजाने पिळू नका. चुकलं तर बॅटरी उकळते किंवा डायनॅमो जळतो. तो ऑटो-इलेक्ट्रिशियनकडे द्या, आणि ६ व्होल्टची कामं करणारा जुना माणूस शोधून द्या.

अर्थिंग

हे लवकर आटोपतं, पण वगळू नका. फ्रेमला नवा रंग किंवा पावडर कोटिंग केलं की कॉइलखाली, बॅटरीच्या अर्थ वायरखाली रंगाचा थर येतो आणि धातूला धातू लागत नाही. तिथला रंग खरवडून काढा. गिरगाव, दादर, वरळी अशा समुद्राजवळच्या भागात जोडांवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो, तो पॉलिश पेपरने घासून वर थोडं ग्रीस लावा. ६ व्होल्टमध्ये अर्धा व्होल्ट वाटेत गेला तरी ठिणगीला तो जाणवतो. चावीचा स्विचही यातच धरा. आतले पत्रे झिजले की खड्ड्यात गाडी बंद पडते.

पॉइंट आणि कंडेन्सर

माझ्या पाचांतले दोन दोष इथले होते आणि मित्रांच्या गाड्यांत तर निम्म्याहून जास्त वेळा इथेच येऊन थांबलो. म्हणून इथे घाई करू नका.

उजव्या बाजूचं कव्हर काढलं की डायनॅमो दिसतो, त्याच्या प्लेटवर पॉइंट आणि शेजारी बोटाच्या पेराएवढा डबीसारखा कंडेन्सर. पॉइंट जास्तीत जास्त उघडतील तिथपर्यंत इंजिन फिरवा आणि फिलर गेजने मोजा, ०.४ मिमी हवं. पॉइंटच्या तोंडावर एका बाजूला खड्डा आणि समोर तेवढाच उंचवटा दिसला, तर बारीक पॉलिश पेपरने सपाट करा आणि पेट्रोल लावलेल्या जाड कागदाची पट्टी मधून ओढून पुसा. तेलाचा एक थेंब राहिला तरी पॉइंट काळे पडतात. पॉइंटच्या टाचेला वंगण देणारा नमद्याचा तुकडा असतो. तो कोरडा असेल तर टाच झिजते आणि गॅप आठवड्याभरात कमी होतो, म्हणून त्याला अगदी थोडं तेल द्या.

आता कंडेन्सर. पॉइंट उघडतात तेव्हा कॉइलमधला प्रवाह थांबायला तयार नसतो, फटीतून उडी मारू पाहतो. कंडेन्सर त्याला तेवढ्या क्षणापुरती दुसरी जागा देतो. त्यामुळे प्रवाह एकदम तुटतो आणि त्या झटक्याने कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट तयार होतात. कंडेन्सर बिघडला की प्रवाह फटीतून ठिणगी मारत रेंगाळतो आणि प्लगकडे जायला जोर उरत नाही. कंडेन्सर आतून गुंडाळलेले पत्रे आणि त्यांच्यामधलं आवरण असा असतो. आवरण जुनं झालं की थंड असताना काम करतं आणि तापल्यावर गळतं. आणि हा बिचारा बसवलाय तो इंजिनाला चिकटून, बंद कव्हरच्या आत.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी मोहम्मद अली रोडवर फ्लायओव्हरखाली गाडी गेली तेव्हा मला हे पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. पेट्रोल येत होतं, प्लग नवा होता, ठिणगी पिवळट. फुटपाथवर बसून मी कव्हर काढलं, मित्राला किक मारायला सांगितली आणि अंधारात पॉइंटकडे बघत राहिलो. प्रत्येक किकला फटीत टिकलीएवढा पांढरा-पिवळा ठिपका पेटत होता आणि करपल्याचा बारीक वास येत होता. चांगल्या कंडेन्सरला तिथे जेमतेम दिसेल न दिसेल अशी निळसर ठिणगी असते. पंचवीस मिनिटांनी, हात लावण्याइतकं कव्हर निवल्यावर, पुन्हा बघितलं. ठिपका गेला होता आणि गाडी चालू झाली.

तपासायचा सोपा मार्ग म्हणजे दुसरा कंडेन्सर लावून बघणं. पण जुन्याची वायर आधी सोडवा. जुना आतून शॉर्ट असेल तर शेजारी नवा लावून काहीच फरक पडणार नाही आणि तुम्ही नव्यालाच दोष द्याल. बाजारात येझदीचे म्हणून मिळणारे नवे कंडेन्सर सारख्या दर्जाचे नसतात. माझा एक नवा कोरा चाळीस किलोमीटरांत गेला. शेवटी मी पॉइंटवाल्या जुन्या चारचाकीचा कंडेन्सर घेतला आणि इंजिनापासून दूर, हवा लागेल अशा जागी, कॉइलजवळ बसवला. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या, पण त्यांचे सुटे भाग जुन्या दुकानांत विचारले तर अजून निघतात. वायर पॉइंटच्या त्याच स्क्रूला जोडायची आणि कंडेन्सरची डबी उघड्या धातूला घट्ट कसायची. डबीला अर्थ नसेल तर तो असून नसल्यासारखा. माझ्या गाडीत तो चार उन्हाळे टिकलाय.

इथेच एक वाईट बातमीही कळू शकते. डायनॅमोचा रोटर, म्हणजे फिरणारा भाग, हाताने धरून वर-खाली हलवा. पॉइंट उघडणारा कॅम क्रँकच्याच टोकावर बसलेला असतो. बेअरिंग झिजून क्रँक हलत असेल तर गॅप प्रत्येक फेरीत बदलतो आणि कितीही वेळा सेट केला तरी टिकत नाही. रोटर भोवतालच्या स्थिर भागाला, स्टेटरला, घासल्याच्या चकचकीत खुणा दिसल्या, तर पॉइंटवर आणखी वेळ घालवू नका, शेवटच्या भागाकडे या.

टायमिंगलाही, म्हणजे ठिणगी पडण्याच्या वेळेलाही, हात लावायचा असेल तर तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेतला आकडा घ्या आणि प्लगच्या भोकातून डायल गेज लावून मोजा. नुसत्या डोळ्याने केलेलं जास्त अॅडव्हान्स टायमिंग पिस्टनला भोक पाडू शकतं. डायल गेज नसेल तर हे काम मिस्त्रीकडून करून घ्या.

कॉइल

कंडेन्सर बदलूनही गरम असताना ठिणगी अशक्तच येत असेल तर कॉइल. थंड असताना मल्टिमीटरने दोन्ही वेटोळ्यांचा रेझिस्टन्स मोजून वहीत लिहून ठेवा, बंद पडल्यावर पुन्हा मोजा. प्लगच्या वायरकडचा आकडा गरम असताना गायब झाला, तर आत तार तुटली आहे आणि ती तापली की टोकं दुरावतात. आकडा तसाच राहिला तरी कॉइल चांगली असं लगेच म्हणता येत नाही, आतल्या आत होणारी गळती मल्टिमीटरला दिसत नाही. अशा वेळी माहितीतल्या चालू गाडीची कॉइल मागून लावून बघा. नवी घेताना ६ व्होल्टचीच घ्या. चोर बाजारात नुसत्या दिसण्यावर कॉइल घेऊ नका, मीटर खिशात घेऊन जा.

कार्बोरेटर आणि हवेची गळती

करंट चोख असेल तरच इकडे या. लोक उलट करतात, आधी कार्बोरेटर खोलतात आणि मग एक दोष असलेल्या गाडीत दोन होतात.

जेट काढून हवेने किंवा पेट्रोलने साफ करा. तार घालू नका, पितळ मऊ असतं आणि भोक कायमचं मोठं होतं. फ्लोट कानाजवळ हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर त्याला भोक आहे, तो बुडणार आणि पेट्रोल वरून वाहणार. गरम गाडी चालू करताना टिकलर (कार्बोरेटरमध्ये जादा पेट्रोल सोडणारं बटण) दाबायची सवय असेल तर तीही सोडा. इंजिन पेट्रोलने भरून जातं आणि आपल्याला वाटतं करंट गेला. असं झालंच, तर कॉक बंद करून पूर्ण थ्रॉटल देऊन सहा-सात किक मारा.

कार्बोरेटर आणि ब्लॉकमधल्या गॅस्केटकडेही बघा. गरम झाल्यावर आयडल आपोआप चढत असेल आणि प्लग पांढरा होत असेल, तर कुठून तरी जास्तीची हवा शिरतेय. इंजिन चालू ठेवून जोडावर थोडं तेल सोडा. आवाज बदलला तर गळती तिथेच. अशी गाडी दामटू नका, पातळ मिश्रणावर पिस्टन धरतो.

बरीच वर्षं पडलेल्या गाडीचे दोन्ही सायलेन्सर आतून कार्बनने माखलेले असतात. मागून हात धरून दोन्हींचा जोर सारखा आहे का बघा. आतली जाळी काढून साफ केली की दम लागणं पुष्कळदा कमी होतं.

इथून पुढे हात थांबवा

पेट्रोल, करंट, कार्बोरेटर सगळं करून झालं आणि तरी गरम झाल्यावर गाडी किकला दाद देत नाही, तर क्रँकचे ऑइल सील बघायला हवेत. टू-स्ट्रोक इंजिन पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये ओढून दाबतं. तिथे हवाबंद नसेल तर खालचा सगळा हिशोब बिघडतो. १९९६ साली म्हैसूरचा कारखाना बंद झाला, म्हणजे शेवटच्या गाडीचे मूळ सीलही आता पाव शतकाहून जुने आहेत. न वापरता पडलेलं रबर दगडासारखं होतं.

डायनॅमोच्या बाजूचं सील गेलं की हवा शिरते, आयडल भडकतं आणि प्लग पांढरा होतो. क्लचच्या बाजूचं गेलं की तिथलं तेल इंजिनात ओढलं जातं, धूर थांबत नाही, प्लग तेलकट होतो आणि क्लचकडचं तेल खाली गळत नसतानाही कमी होत जातं. तेल पुन्हा पुन्हा टाकावं लागत असेल तर हीच खूण समजा.

डायनॅमोकडचं सील बाहेरून बदलता येतं असं कोणी सांगेल. पण ज्या गाडीचं एक सील गेलं, तिचं दुसरं आणि बेअरिंग त्याच वयाचे आहेत. इंजिन उघडायचं तर एकदाच उघडा आणि ते काम दुसऱ्याला द्या. क्रँक दाबून बसवलेली असते. ती सोडवायला प्रेस लागतो, पुन्हा बसवल्यावर सेंटर करायला लेथ आणि डायल गेज लागतो आणि हे करणारा हात वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार झालेला असतो. हातोडीने क्रँककेस फोडलेली एक येझदी मी बघितली आहे. केसच्या जोडावर छिन्नीचे दोन खोल घाव होते, तिथून ती परत कधी हवाबंद झाली नाही.

मिस्त्रीकडे देताना तीन गोष्टी आधी बोलून घ्या. इंजिन जोडल्यावर क्रँककेसला पाच-सहा पीएसआय हवा भरून दाब टिकतो का, हे तुमच्यासमोर दाखवायचं. काढलेलं सील कितीही चांगलं दिसलं तरी परत बसवायचं नाही. आणि क्लचच्या बाजूचं बेअरिंग हललेलं नसलं तरी दोन्ही बेअरिंग जोडीने बदलायचे. मी काकांच्या गाडीचं हे काम करून घेतलं तेव्हा दाबाची तपासणी पहिल्यांदा फसली, क्रँककेसच्या जोडातून साबणाच्या पाण्याला बुडबुडे आले. मिस्त्रींनी इंजिन पुन्हा उघडलं, गॅस्केट नवं कापलं आणि दुसऱ्या दिवशी दाखवलं तेव्हा मीटरचा काटा दहा मिनिटं जागचा हलला नाही.